मनुबाईचं तेलुगू

"नीळ्ळु तोडुतुन्नानु," मनुबाई विहिरीच्या काठावरून म्हणाली आणि दोर हातावर घेत पोहरा वर ओढू लागली. "नीळ्ळु तोडुतुन्नानु. नीळ्ळु तोडुतुन्नानु."

शेजारी घागर घासत बसलेल्या बनाबाईचा हात थांबला.

"काय गं पुटपुटतीयास? सासूला शिव्या घालतीस व्हय?"

"न्हाई वं. पानी शेंदतीया, एवढंच म्हन्लं."

"ते दिसतंय की आमाला. त्याला मंतर कशाला लागतोय?"

विहिरीवरच्या बाया खो खो हसल्या. मनुबाईही हसली. पण घागर डोक्यावर घेऊन वाटेला लागल्यावर तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. पाणी शेंदून झालं होतं, आता चालणं चाललं होतं. चालण्याला काय म्हणायचं ते आठवत ती घरी पोचली.

विट्याच्या पलीकडे, खानापूरच्या अंगाला असलेलं ते गाव. पाऊस येईल न येईल अशी जमीन, म्हणून घरटी एक तरी बाप्या गलाईला बाहेर गेलेला. सोनाराच्या भट्टीतली राख, झाडलोटीतली धूळ, मोडीचे दागिने मुशीत घालून वितळवायचे, तेजाबात उकळायचे आणि त्यातून चोख सोनं वेगळं काढायचं, हा तो धंदा. मनुबाईचा नवरा आकाराम आंध्रात तेनालीला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सगळे दिवस जोडले तरी त्याचा सहवास तिला दोन महिन्यांच्या वर मिळाला नव्हता. चैत्रातल्या जत्रेला तो यायचा, तेही एक वर्ष आड. पाहुण्यासारखा राहायचा आणि जायचा. मूल नव्हतं. त्याचा दोष सासूनं, येसूबाईनं, कधीच मनुबाईच्या पदरात घालून टाकला होता.

"आवं, मला न्या की संगट," असं तिनं प्रत्येक खेपेला म्हणून पाहिलं होतं.

"तिथं कोन बोलनार तुज्याशी?" आकाराम म्हणायचा. "समदी तेलगू मानसं. वान्याकडं मीठ मागायचं तरी येतंय का तुला? मुक्यागत बसशील आन् चार दिसांत रडत म्हागारी येशील."

दोनदा ऐकल्यावर हे वाक्य मनुबाईनं मनावर घेतलं. अडचण भाषेचीच असेल तर भाषा शिकायची, एवढा सरळ हिशेब तिनं केला.

शिकवायला माणूस घरातच होता. आकारामचा चुलता हरिबा. या गावातून तेनालीला पहिल्यांदा गेला तो हाच. आकारामला धंद्याला लावला तोही यानंच. तेजाबाच्या धुरानं छाती कामातून गेली, तेव्हा तो दुकान पुतण्याच्या हवाली करून गावी परतला आणि गोठ्याशेजारच्या सोप्यात खोकत पडून राहिला. त्याची बायको तो तिकडे असतानाच वारली होती. तिचं तोंडही त्याला बघायला मिळालं नव्हतं. त्याला भाकरी नेऊन द्यायचं काम मनुबाईकडे होतं.

एके दिवशी डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "मामंजी, मला तेलगू शिकवता का?"

हरिबानं घास हातात धरून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कशापायी?"

"त्यास्नी अडचण वाटतीया माज्या बोलन्याची. ती दूर करायची."

हरिबानं उरलेली भाकरी संपवली आणि ताट तिच्याकडं सारलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं ताट ठेवल्यावर तो म्हणाला, "बस. आदी येनं शीक."

हरिबाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो बोलून बोलून शिकला होता आणि तसंच शिकवत होता.

"येनं म्हंजी वच्चु. पन नुसतं वच्चु म्हनून भागत न्हाई. येनं चाललंय असं सांगायचं तर फुडं 'तुन्ना' जोडायचं. जोडताना वच्चुचा नुसता 'वस्' ऱ्हातोय. वस्तुन्ना. आता येतंय कोन? मी येत आसंन तर शेवटाला 'नु'. नेनु वस्तुन्नानु. तू आसशील तर 'वु'. वस्तुन्नावु. गडी आसंल तर 'डु'. वस्तुन्नाडु. म्हन."

"वस्तुन्नानु. वस्तुन्नावु. वस्तुन्नाडु."

"आमी म्हनायचं तर 'मु'. लय जन येत आसतील तर 'रु'. आन् बाई आसंल तर 'दि'. आमे वस्तुन्नदि."

"आन् म्हस येत आसंल तर?"

हरिबा खोकत हसला. "म्हशीला बी दि. गेदे वस्तुन्नदि."

"बाईला आन् म्हशीला येकच?"

"येकच. मान द्यायचा आसंल तर बाईला बी 'रु' लावायचं. पन कोन लावतंय?"

मनुबाईला ह्याचं फारसं नवल वाटलं नाही. येसूबाई तिला हाक मारायची ती आणि म्हशीला हाकलायची ती, यांत तिला कधी फार अंतर जाणवलं नव्हतं.

वर्षभर हे चाललं. करणं आलं, जाणं आलं, बघणं आलं. खाणं आलं तेव्हा ती अडखळली. "तिनु म्हंजी खानं. मग तिन्तुन्नानु?" तर हरिबा म्हणाला, "न्हाई. तिथं 'त'चा 'ट' व्हतोय. तिंटुन्नानु. का व्हतोय ते मला इचारू नगंस. तोंडात बसतंय म्हनून व्हतोय." मनुबाई भाकरी थापताना भाकरी थापण्याचं बोलायची, शेण काढताना शेण काढण्याचं. जे हातात चाललेलं असेल ते तिच्या तोंडात तेलुगू होऊन यायचं. येसूबाईला वाटायचं, सून म्हाताऱ्याची सेवा करतेय. त्याबद्दल तिनं एकदा चक्क चांगलंही म्हटलं.

त्या चैत्रात आकाराम आला. अंगात पांढरा सदरा, केसांना वासाचं तेल. मनुबाईनं पहिला दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत चहा पीत बसला असताना ती चौकटीशी उभी राहिली.  वर्षभर या एका वाक्यासाठी तिनं जीभ झिजवली होती.

"आवं," ती म्हणाली, "नेनु वस्तुन्नानु."

मी येतेय.

आकाराम हसेल, चकित होईल, निदान चिडवेल, असं काय काय तिनं मनात रंगवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्याच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"कुनी शिकिवलं तुला हे?"

"मामंजींनी."

"अजून काय काय सांगितलं त्यानं?"

"सांगितलं कायबी न्हाई. शिकिवलं."

आकाराम उठला तो तडक सोप्यात गेला. मनुबाईला गोठ्यातून आवाज ऐकू येत होते. आकाराम जोरजोरात बोलत होता, पण तेलुगूत, आणि इतक्या वेगानं, की तिच्या हाती एखादा शब्दच लागत होता. हरिबाचा मात्र खोकण्याशिवाय आवाज नव्हता. जत्रेच्या कुस्त्या व्हायच्या आधीच आकारामनं पिशवी भरली. निघताना म्हणाला, "फुडल्या खेपंला बगू."

त्यानंतर हरिबानं शिकवणं बंद केलं.

"मामंजी, आवं निम्मंच झालंय. आला कसं म्हनायचं, येईल कसं म्हनायचं, ते ऱ्हायलंय की."

"पुरं झालं तेवढं," हरिबा भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "जे चाललंय ते बोलता येतंय न्हवं? मागचं आन् फुडचं घिऊन काय करनार हायीस?"

त्याच साली थंडीच्या कडाक्यात हरिबा गेला. मनुबाईचं तेलुगू जिथं थांबलं होतं तिथंच थांबलं.

पुढं पौषात सरकारनं सोन्यावर कायदा आणला. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. सोनारांच्या भट्ट्या विझल्या, तशी गलाईवाल्यांची मूसही थंड पडली. गावातले काही बापये परत आले आणि रोजगार शोधायला मुंबईला, कराडला पांगले. काही तिकडेच तग धरून राहिले. आकारामची ना मनिऑर्डर आली, ना माणूस आला. कुणी म्हणे केरळात गेला, कुणी म्हणे कलकत्त्याला. येसूबाई रोज एसटीच्या वेळेला दारात येऊन बसायची.

वैशाखात एका सकाळी फाट्यावरच्या एसटीतून एक बाई उतरली. काळीसावळी, ठसठशीत, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, कडेवर दोनेक वर्षांचं पोर. गावाचं नाव आणि आकारामचं नाव, एवढे दोनच शब्द तिच्याजवळ होते. कागदावर लिहिलेले ते दाखवत दाखवत ती दारात येऊन उभी राहिली. मागं गल्लीतली चार माणसं.

"कोन गं तू?" येसूबाईनं विचारलं.

बाई बोलू लागली. शब्दांचा नुसता लोंढा. माणसं एकमेकांकडं बघू लागली. आकारामचा थोरला भाऊ सोपान डोकं खाजवत म्हणाला, "आंध्रातली दिसतीया. आता तेलगू येनारा बाप्या गावात येकबी न्हाई. हरिबा आसता तर..."

"मला येतं," आतून मनुबाई म्हणाली.

सगळे वळले. मनुबाई बाहेर येऊन बाईच्या समोर उभी राहिली. तेलुगू ऐकायला मिळेल म्हणून तिला क्षणभर आनंदच झाला होता.

"नुव्वु एवरु?" तू कोण, असं तिनं विचारलं.

बाईचे डोळे भरून आले. तिनं मनुबाईचा हातच धरला. नाव मंगम्मा. मग म्हणाली, "आयन एक्कड उन्नारु?" ते कुठं आहेत? नवऱ्याचं नाव घेता येत नसलेली बाई ज्या सुरात विचारते, त्याच सुरात. मागोमाग म्हणाली, "हरिबा बाबायि एक्कड उन्नारु?"

बाबायि म्हणजे चुलता.  हरिबाला माहीत होतं. घास हातात धरून त्यानं बराच वेळ पाहिलं होतं, ते यासाठी. तरी त्यानं शिकवलं. तिनं तिकडं जाऊन हे मोडावं म्हणून शिकवलं, की आपल्या तोंडून सांगवेना, एक दिवस तिचं तिलाच ऐकू यावं म्हणून? विचारायला माणूस उरला नव्हता.

मंगम्मा बोलतच होती. बरंचसं मनुबाईच्या डोक्यावरून जात होतं, कारण ते घडून गेलेलं होतं, आणि घडून गेलेलं तिला शिकवलं नव्हतं. पण मध्येच मंगम्मानं आकारामचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, अगदी त्याच्या ढबीत, खांद्यावर पिशवी टाकल्यासारखं करून. "ऊरिकि वेळ्तुन्नानु."

गावाला जातोय. हे तिला लख्ख कळलं. तिकडं तो गावाला जातो म्हणून निघाला होता आणि गावाला आलाच नव्हता.

"काय म्हंतीया?" येसूबाईनं विचारलं.

मनुबाईच्या मनात आलं, म्हणावं, वाट चुकून आलीय. म्हणावं, दुसऱ्याच कुणाची आहे. गल्लीतल्या एकालाही खरं-खोटं करता आलं नसतं. ती बाई हात जोडून परत गेली असती.

"त्यांची बायकू हाय," मनुबाई म्हणाली. "पोरगं त्यांचं हाय. त्यास्नी हुडकत आलीया. ते तिथंबी न्हाईत."

मग मंगम्माकडं वळून तिनं मान हलवली, इथंही नाहीत. येसूबाई उठली, पोराजवळ गेली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उन्हाकडं वळवलं. कान बघितले, कपाळ बघितलं. मग एकाएकी पोराला ओढून छातीशी घेतलं आणि मोठ्यानं रडू लागली. मंगम्माही रडली. तिला वाटलं, आपल्याला घरात घेतलं.

घरात घेतलंही. पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. मनुबाईनंच वाढलं. पोरगं मात्र कुणाच्या हातून खाईना, तेव्हा तिनं दूध-भाकरी कुस्करून त्याच्यापुढं बोट नेलं. त्यानं बोटासकट घास तोंडात घेतला. मनुबाई तशीच बसून राहिली. वाटीतलं संपलं तरी उठली नाही. पोरगं आपण होऊन तिच्या मांडीवर कलंडलं आणि झोपलं. त्याच्या डोक्याचा ओला उबदार भार तिच्या दंडावर होता.

तेवढ्यात येसूबाईनं तिला चुलीपाशी बोलावलं.

"ऐक. पोर आपलं हाय, ते ऱ्हाईल. ही कोन कुठली, हिला घरात ठिवून गावाला तोंड कसं दावायचं? सोपान गावच्या पाटलास्नी, हंबीररावास्नी, आनाय गेलाय. तिनीसांजंला ते चार मानसांम्होरं सांगतील. त्याआदी तू हिला तिच्या बोलीत समजाव. पोर हितं ठिव आन् जा म्हनावं."

"आत्याबाई, ती आई हाय त्याची."

"आन् तू कोन हायीस?" येसूबाई जवळ सरकली. तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. "तुज्याच पदरात घालतीया न्हवं मी? सात वर्सं झाली, मनू. देवानं दारात आनून सोडलंय."

मनुबाईनं नाही म्हटलं नाही. हे तिचं तिला पुढं कितीतरी वर्षं बोचत राहिलं. ती सरळ मंगम्माजवळ येऊन बसली. पोराकडं बघत, शब्द जुळवत म्हणाली, "नुव्वु वेळ्तुन्नावु."

तू जातेयस.

मंगम्मानं मान हलवली. नवरा इथं नाही, तर जायला हवंच. ती उदास हसली.

मनुबाईनं पोराकडं बोट केलं. "बाबु... उंटुन्नाडु."

बाळ राहतोय.

मंगम्मा क्षणभर गोंधळली आणि मग तिला हसू आलं. शिकाऊ माणूस चुकल्यावर येतं तसं, प्रेमाचं. तिनं मनुबाईच्या गुडघ्यावर थोपटलं, मान हलवली, बोटानं पोराकडं आणि मग स्वतःच्या छातीकडं दाखवलं आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून सांगितलं, "उंटुन्नाडु कादु, अक्का. वस्तुन्नाडु. नातो वस्तुन्नाडु."

राहतोय नाही. येतोय. माझ्याबरोबर येतोय.

मनुबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. या बाईच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं. पोर आईबरोबर येतं, त्याला दुसरं क्रियापदच नव्हतं. चूक फक्त बोलणाऱ्याची असू शकत होती.

"म्हन," असं मंगम्मा म्हणाली नाही, पण वाट बघत राहिली.

"वस्तुन्नाडु," मनुबाई म्हणाली.

चुलीपाशी येसूबाईनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हन्ली?"

"व्हय म्हन्ली. अंगूळ करून येती म्हंतीया, लय परवासाची हाय. मी हिरीवर न्हेती. पोरालाबी धुऊन आनती."

येसूबाई खुशीनं म्हणाली, "जा. मी तवर शिरा टाकती त्याच्यासाटनं."

विहिरीची वाट डावीकडं वळते, तिथं मनुबाई उजवीकडं वळली. मंगम्मा थांबली. मनुबाईनं तिचा दंड धरला आणि म्हणाली, "वाळ्ळु बाबुनि तीसुकुंटुन्नारु."

ते बाळाला काढून घेतायत.

या खेपेला मंगम्मानं काही सुधारलं नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. पोराला तिनं असं आवळलं की ते रडायला लागलं. मग दोघीही उन्हातून फाट्याकडं जवळजवळ पळतच निघाल्या. धूळ तापलेली होती आणि मनुबाईच्या पायांत काही नव्हतं. वाटेत कुणी भेटलं नाही.

मिरजेची एसटी आली तेव्हा मनुबाईनं कंडक्टरला हात जोडले. "दादा, हिला मिरजंच्या टेसनावर उतरवा. आंध्राच्या गाडीत कुनीतरी बशिवलं पायजेल. हिला मराटी येत न्हाई."

"तुमी कोन तिच्या?" कंडक्टरनं विचारलं.

 तिनं मंगम्माला वर चढवलं, पोराचे पाय आत घेतले. एसटी घरघरली, तशी मंगम्मा खिडकीतून वाकली आणि तिचा हात धरून भराभरा काहीतरी म्हणाली. लांबलचक वाक्य होतं. मनुबाईनं कान देऊन ऐकलं. त्यात 'तुन्ना'सारखं ओळखीचं एकही शेपूट नव्हतं. तो आशीर्वाद होता, की निरोप, की आकारामला आणि त्याच्या घराला दिलेला तळतळाट, काही कळलं नाही. तिनं नुसती मान हलवली. एसटी गेली.

परत येताना ती रमतगमत आली. लपवायचं काही नव्हतं.

दारात येसूबाई उभी होती, हातात शिऱ्याची वाटी. तिनं मनुबाईच्या मागं बघितलं, रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

"पोर कुठं हाय?"

"गेलं. आयसंगट."

येसूबाईच्या हातून वाटी पडली नाही. ती तिनं सावकाश उंबऱ्यावर ठेवली. मग तिचा हात उठला आणि मनुबाईच्या तोंडावर बसला. एकदा, पुन्हा एकदा. मनुबाईनं तोंड चुकवलं नाही. मारून दमल्यावर म्हातारी खाली बसली.

"तुज्या हातानं वटी रिकामी केलीस तुजी," ती म्हणाली. "आता ह्या घरात तुला भाकरीबी मिळंल, लुगडंबी मिळंल. पर कुनी हाक मारनार न्हाई तुला. ध्येनात ठिव."

हंबीरराव संध्याकाळी आले, ऐकलं आणि आल्या पावली परत गेले. सोपान एसटीमागं सायकलवर जाऊन हात हलवत परतला. दिवेलागण झाली.  मनुबाईनं चूल पेटवली, पीठ मळलं, नेहमीएवढ्या भाकरी थापल्या. कालवणाला फोडणी दिली. सासूचं ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. येसूबाईनं ते पायानं सारलं आणि तोंड फिरवलं. सोपाननंही हात हलवून नको म्हटलं.

मनुबाईनं ताट उचलून बाजूला ठेवलं. गाल ठणकत होता. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. मग ती चुलीसमोर पाट घेऊन बसली, स्वतःला वाढून घेतलं आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सासू-दिराच्या आधी, त्यांच्यादेखत जेवायला लागली. घाई न करता, एकेक घास चावून, तिनं दोन भाकरी खाल्ल्या.